जुन्या गाडीची कूलिंग सिस्टीम घरी फ्लश करता येते का, आणि हिरवं, लाल, निळं यातलं कोणतं कूलंट घालावं?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड घेतलेल्या गाडीच्या कूलंटच्या टाकीत तांबूस, गढूळ पाणी दिसतंय, आधीच्या मालकाने काय घातलं होतं ते कळायला मार्ग नाही आणि रंगीबेरंगी कॅन बघून गोंधळ उडालाय. घरी फ्लश, म्हणजे आतलं जुनं पाणी काढून सगळं धुणं, नक्की करता येतं. पण बादली घेऊन बसण्याआधी तो तांबूस रंग कशाचा आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे.

सकाळी गाडी सुरू करण्याआधी, इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडा आणि थोडं पाणी एखाद्या काचेच्या बाटलीत काढून ठेवा. तासाभराने तळाशी विटकरी गाळ बसला आणि तो हातमोज्यातल्या बोटांत चोळल्यावर कचकचला, तर तो गंज आहे. म्हणजे कुणीतरी बरीच वर्षं नुसतं पाणी ओतत आलंय. गाळाऐवजी वर बुळबुळीत, दुधाळ साय आली तर मात्र ते तेल. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली तशीच मलई दिसतेय का, इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येतायत का, तेही बघा. इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं हेड गॅस्केट किंवा तेल थंड करणारा ऑइल कूलर फुटलेला असेल तर आधी ते काम करून घ्या. त्यावर कितीही फ्लश केलं तरी आठवड्यात तीच साय परत येणार. खाली लिहितोय ते गंज निघाला असं धरून.

आधी कूलंटचं बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे.

रंग विसरा. कूलंटचा रंग म्हणजे कंपनीने घातलेला डाय, तो गळती पटकन दिसावी आणि डबे ओळखू यावेत म्हणून. कुठल्या रंगात काय असावं याचा सर्वांना बांधील असा नियम नाही. टोयोटाचं जुनं लाँग लाइफ कूलंट लाल असतं आणि त्यात फॉस्फेट असतं. फोक्सवॅगनचं जी-१२ सुद्धा लालच, पण त्यात फॉस्फेटही नाही आणि सिलिकेटही नाही. होंडाचं निळं आणि फोक्सवॅगनच्या जुन्या जी-११ चं निळसर हिरवं डोळ्यांना जवळजवळ सारखं वाटेल, पण एकात सिलिकेट नाही आणि दुसऱ्याचा सगळा भरवसा सिलिकेटवर. म्हणून ‘लाल चांगलं की हिरवं’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

मूळ द्रव बहुतेक सगळ्यांत एकच, इथिलीन ग्लायकॉल. फरक असतो तो गंजरोधकांत. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट अशी अजैविक रसायनं असतात. ती धातूवर पटकन थर धरतात, पण लवकर संपतात, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. यांना आयएटी म्हणतात. ओएटी प्रकारात सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते सावकाश, जिथे गंज सुरू होतोय तिथेच काम करतात आणि साधारण पाच वर्षं टिकतात. दोन्हींचं मिश्रण म्हणजे हायब्रिड, एचओएटी. त्यातही दोन घराणी आहेत. युरोपातलं पाणी बऱ्याच भागांत जड, त्यातल्या कॅल्शियमशी फॉस्फेटचं जमत नाही आणि साका धरतो, म्हणून युरोपियन कंपन्या फॉस्फेट टाळून सिलिकेट घालतात. जपानी कंपन्यांना सिलिकेटने वॉटर पंपाचं सील झिजण्याची काळजी, म्हणून त्या सिलिकेट टाळून फॉस्फेट घालतात. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, पण एकाचं दुसऱ्यात ओतू नका. जी-११ आणि जी-१२ एकमेकांत मिसळून तपकिरी गाळ झाल्याच्या तक्रारी जुन्या आहेत.

तेव्हा गाडीच्या मॅन्युअलमध्ये कूलंटचा जो स्पेसिफिकेशन क्रमांक दिलाय तो कॅनच्या मागच्या बाजूला छापलेला आहे का, एवढंच शोधा. मॅन्युअल नसेल तर गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर मिळतं, नाहीतर टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. ‘सर्व गाड्यांसाठी’ असं लिहिलेल्या कॅनवर माझा फारसा विश्वास नाही. वाटेत पातळी खाली गेली तर वेळ मारून न्यायला ठीक. आता तुम्ही सगळंच धुऊन काढणार आहात, तर योग्य ते भरायची संधी सोडू नका.

तुम्ही असंही विचारलंय की जिथे पाणी गोठण्याइतकी थंडी पडतच नाही तिथे नुसतं पाणी का नको. खरं सांगायचं तर उष्णता वाहून न्यायला पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. कूलंट त्यासाठी घालतच नाहीत. इंजिनाचा ब्लॉक लोखंडी, हेड ॲल्युमिनियमचं, कुठे तांबं, कुठे झाळ, आणि हे सगळे धातू एकाच पाण्यात बुडलेले. अशा ठिकाणी कमजोर धातू झिजत जातो. गंजरोधक ते थांबवतात. शिवाय पाणी १०० अंशांना उकळतं, तर अर्धं कूलंट अर्धं पाणी साधारण १०७ अंशांना. रेडिएटर कॅपच्या एक बारच्या आसपासच्या दाबाने तोच आकडा १२९ अंशांच्या जवळ जातो. म्हणून कॅपचं रबर कडक झालं असेल तर या कामात तीही बदला. ती दाब धरत नसेल तर महागातलं कूलंटही लवकर उकळेल.

याच्या उलट, ‘निर्भेळ कूलंट घातलं तर दुप्पट चांगलं’ हाही गैरसमज. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं, तर निम्मं पाणी घातलेलं उणे ३७ पर्यंत तग धरतं. उष्णताही शुद्ध ग्लायकॉल कमी वाहून नेतं. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनात सुरुवातीला निव्वळ ग्लायकॉल होतं. नंतर तिथेही दाबाखालचं, बहुतांश पाणी असलेलं मिश्रण आलं. गाडीसाठी निम्मं-निम्मं हे प्रमाण सोयीचं. ४० टक्क्यांच्या खाली किंवा ७० च्या वर जाऊ नका.

आता फ्लश. इंजिन थंड, गाडी सपाट जागी, खाली रुंद घमेलं. केबिनमधला हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे वाल्व्ह असलेल्या गाड्यांत हीटरचा मार्गही उघडा राहतो. टाकीचं झाकण काढा आणि रेडिएटरच्या तळाचा ड्रेन कॉक सोडा. जुन्या गाडीत तो प्लास्टिकचा कॉक पिळताना हातात येऊ शकतो, जोर करू नका. अडला तर खालच्या होजची, म्हणजे रबरी नळीची, क्लिप सैल करून होज काढा. निघेल ते सगळं मोजून ठेवा, हा आकडा पुढे लागणार आहे.

मग कॉक बंद करून साधं पाणी भरा आणि इंजिन चालू करा. वरची होज गरम झाली की समजायचं थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणारा वाल्व्ह, उघडला आणि पाणी सगळीकडे फिरतंय. बऱ्याच गाड्यांत तो ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. फॅन एकदा लागून बंद झाला की इंजिन बंद करा, आणि पूर्ण थंड होऊ द्या. इथे घाई नको. गरम इंजिनात गार पाणी गेलं तर हेडला तडा जाऊ शकतो, आणि गरम झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर. थंड झालं की सोडा, पुन्हा भरा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच. निम्मा दिवस यातच जातो, म्हणून सुट्टीचा दिवस धरा.

गंज फारच असेल तर रेडिएटर फ्लशचं तयार रसायन एकदा वापरा, पण ॲल्युमिनियमला चालतं असं त्यावर लिहिलेलं हवं, आणि नंतर नुसत्या पाण्याने दोन फेऱ्या जास्तीच्या. संडास धुण्याचं ॲसिड किंवा धुण्याचा सोडा चुकूनही नको, दोन्ही ॲल्युमिनियम खातात. रेडिएटरमध्ये प्रेशर वॉशर घालण्याचाही मोह टाळा, आतल्या नळ्या पातळ असतात. शेवटची फेरी डिस्टिल्ड वॉटरची, म्हणजे नळाच्या पाण्यातले क्षार आत राहणार नाहीत.

इथून पुढचा हिशेब बरेच जण करत नाहीत. कॉक सोडला म्हणजे सगळं पाणी निघतं असं नाही. ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच अडकून राहतं. समजा मॅन्युअलप्रमाणे तुमच्या गाडीची क्षमता ६ लिटर आहे आणि कॉकमधून निघालं साडेतीन. म्हणजे अडीच लिटर पाणी अजून आतच आहे. आता तुम्ही रेडी-टू-यूज, म्हणजे आधीच निम्मं पाणी घातलेलं कूलंट साडेतीन लिटर भरलंत, तर त्यात मूळ कूलंट पावणेदोन लिटरच. सहा लिटरात ते होतं २९ टक्के. कॅन योग्य, रंग सुंदर, पण गंजरोधक अपुरे. म्हणून पाण्याने फ्लश केल्यावर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न घातलेलं कूलंट, घ्या. क्षमतेच्या निम्मं, म्हणजे ३ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता, उरलेला अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर. ब्लॉकचा ड्रेन प्लग सहज हाती लागत असेल तर तोही सोडा, आत कमी पाणी उरेल. तुमच्या स्पेसिफिकेशनचं फक्त रेडी-टू-यूजच मिळत असेल तर शेवटच्या फेऱ्या पाण्याऐवजी त्याच कूलंटच्या कराव्या लागतील, खर्च वाढेल. शंका असेल तर कूलंटचं प्रमाण दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब पुरतो, पण त्यावरची इथिलीनची पट्टी वाचा, प्रोपिलीनची वेगळी असते.

भरताना हळू ओता. हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत उघडा ठेवा. नसेल तर गाडीचं तोंड जरा चढावर करून, थंड इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू करा. पातळी खाली जाईल तशी भरत राहा आणि बुडबुडे थांबले की, उकळी यायच्या आत, झाकण लावा. काटा वर चढतोय आणि हीटर मात्र गार हवा फेकतोय, असं झालं तर आत हवा अडकलीय. गाडी बंद करा, थंड झाल्यावर पुन्हा भरा.

काढलेलं जुनं पाणी गटारात किंवा झाडात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं, लहान मुलं ते पिऊ शकतात, आणि थोडंसंही मूत्रपिंडं निकामी करायला पुरतं. अंगणात सांडलेलं लगेच धुऊन टाका, बाकीचं बंद कॅनमध्ये भरून वापरलेलं तेल घेणाऱ्या वर्कशॉपमध्ये द्या.

आणि एक, म्हणजे नंतर मला शिव्या घालू नका. इतक्या गंजलेल्या गाडीत काही बारीक छिद्रं गाळानेच बुजलेली असतात. ती धुतल्यावर उघडी पडतात. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी थंड इंजिनावर टाकीची पातळी बघा. खाली जात असेल तर रेडिएटरच्या कडा, होजची तोंडं आणि वॉटर पंपाखालचं छोटं भोक यांवर कूलंटच्या रंगाचा सुकलेला थर दिसतो का ते शोधा. दिसला नाही तर प्रेशर टेस्ट करून घ्या. गळती बुजवणारी पावडर घालू नका, ती छिद्राआधी हीटरच्या बारीक नळ्या बुजवते.