तळव्यांवरचे वळ जायच्या आत

प्रश्न : माझा मुलगा बावीस वर्षांचा, टेम्पो चालवतो. विसर्जन मिरवणुकीत डीजेवरून मारामारी झाली, हा तिथं उभा होता एवढंच. रात्री साडेअकराला ‘चौकशी करून सोडतो’ म्हणून नेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. अटक दाखवली नाही. तळव्यांवर पट्ट्याने मारलंय, चप्पल घालता येत नाही. एका कागदावर सही घेतली, वाचू दिला नाही. शेजारी म्हणतात, सुटला हे नशीब समजा. तक्रार केली तर टेम्पो रोज अडवतील. काय करू?
— एक आई (गाव मुद्दाम छापत नाही)

उत्तर : ताई, अंक निघेपर्यंत वळ राहणार नाहीत, म्हणून तुम्हाला फोनवर आधीच सांगितलं. इथं लिहिते ते बाकीच्यांसाठी.

त्या पट्ट्याला ठाण्यात ‘सत्यशोधक’ म्हणतात. जोतीरावांच्या शब्दाची ही गत! तळवेच का, तर तिथला मार कपड्याबाहेर दिसत नाही आणि सूज लवकर उतरते. वकिलीच्या सुरुवातीला तालुका कोर्टात एक पोरगा पाहिला होता. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ मागे हवालदार उभा. पोरगा म्हणाला, ‘नाही.’ पण तो पावलांच्या कडांवर उभा होता, आणि ते कुणीच लिहून घेतलं नाही. मीही नाही.

म्हणून आधी सरकारी दवाखाना. ‘पडलो’ म्हणायचं नाही; ‘पोलिसांनी मारलं’ असंच सांगायचं आणि एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी जखमांची दवाखान्यातली नोंद, करायला लावायची. फोटो काढा, चेहरा आणि तळवे एकाच फोटोत येऊ द्या.

मग त्याच दिवशी एसपींना अर्ज. त्यात नेल्याची आणि सोडल्याची वेळ लिहा आणि सीसीटीव्हीचं चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी करा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसह, कॅमेरे लावायला सांगितलेत आणि चित्रीकरण 18 महिने, ते जमत नसेल तर निदान वर्षभर ठेवायला. ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर मिळेलच. तेही लेखी घ्या. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

‘24 तासांच्या आत सोडला ना?’ असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. ते 24 तास रीतसर अटक केलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचे असतात. अटकच नसेल तर मनाविरुद्ध तासभरही बसवून ठेवता येत नाही. आणि अटक असेल तर साक्षीदाराच्या सहीचा अटकेचा पंचनामा कुठाय, घरी कळवलं कुणी? हे नियम सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या डी. के. बसू निकालापासून आहेत.

सहीची धास्ती सोडा. पोलिसासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. उलट कबुलीसाठी मारणं हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

एसपींनी दाद दिली नाही तर मॅजिस्ट्रेट आहेत, राज्य मानवी हक्क आयोग आहे. आयोगाकडे मात्र वर्षाच्या आत जा. वकिलाचा खर्च? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तेव्हा अर्ज तुमच्या नावाने करा.

टेम्पो अडवतील का? अडवतीलही, तसं होणार नाही असं मी कुठल्या तोंडाने सांगू? अडवला की तारीख, वेळ, जागा वहीत टिपायला सांगा. ती वही पुढे वकिलाला लागेल. आणि परमिट, विमा, पीयूसी सगळं आजच तपासून गाडीत ठेवा.