वहीवर सही करायच्या आधी

प्रश्न : ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाडीतली. आमच्या मराठी शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीवर, गेल्या वर्षी मला मेंबर केलं, बाई पायजे आणि आमच्या वस्तीतलं कोणतरी पायजे म्हणून. तेव्हापासून काम एकच, शाळेतलं पोरगं वही घेऊन दारात येतं, 'गुरुजींनी सही सांगितलीय' म्हणतं, मी करते. कागद सगळे कन्नडमध्ये. मी सातवी शिकलेली, रोजगाराला जाते. शाळेसाठी काहीतरी करावं असं मनापासून वाटतं, पण मीटिंगला बोलायला गेलं की तोंडच उघडत नाही. याचं ट्रेनिंग कुठं मिळतं का? – एक पालक

उत्तर : सगळ्यात आधी, तुम्हाला कुणीतरी मेहरबानी करून घेतलंय हे डोक्यातनं काढा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमात लिहिलंय की समितीत चारातले तीन मेंबर पालक असले पाहिजेत, निम्म्या बायका असल्या पाहिजेत, आणि वंचित-दुर्बल घरातल्या मुलांच्या आईवडलांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. कर्नाटकात तर एसडीएमसी त्याच्याही आधीपासून, २००१ पासून आहे. शाळेवर लक्ष ठेवायचं, आराखडा करायचा, आलेला पैसा कुठं गेला ते बघायचं, हे तुमचं काम कायद्यानं ठरवून दिलेलं आहे.

आता माझं सांगते. मी एका शाळेच्या समितीवर होते तेव्हा सुरुवातीचे सात-आठ महिने मीपण अशाच सह्या केल्या, मग एकदा वही रात्रभर घरी राहिली आणि जेवणं उरकल्यावर मी ती उघडली, तर ज्या तारखेला मी तापलेल्या पोराला घेऊन दवाखान्यात बसले होते त्या तारखेच्या मीटिंगला मी हजर, आणि रंगकामाच्या खर्चाला अनुमोदन माझंच. त्या भिंती मी रोज बघत होते, रंग कुठंच नव्हता. झोप लागली नाही. सकाळी गेले आणि एवढंच म्हटलं, गुरुजी, ह्या तारखेला मी नव्हते. पुढचं काही सुचलं नाही, आवाज कापत होता, पण त्यानंतर वही घरी आली नाही, मीटिंगचं बोलावणं यायला लागलं.

तुम्हीपण पहिल्या दिवशी एवढंच करा. वही आली की म्हणा, ठेवून जा, संध्याकाळी वाचून शाळेत आणून देते. फोनवर पानाचा फोटो काढा. कन्नडचं म्हणाल तर गावात दहावीची एखादी पोरगी असेलच की, तिच्याकडनं वाचून घ्या, तुम्हाला वाटतं तेवढं परकं नाही ते. दिनांक, अनुदान, जमा, सही हे आपलेच शब्द आहेत. नवे शिकायचे ते चार-पाचच : नडावळी म्हणजे प्रोसिडिंग, वेच्च म्हणजे खर्च, मोत्त म्हणजे एकूण रक्कम, उळिके म्हणजे शिल्लक, पोषकरु म्हणजे पालक. आणि हे शिकता शिकता कागद मराठीतपण द्या असा अर्जही करत राहा, भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यायचे हे फार पूर्वीच मान्य झालेलं आहे. मी दोन्ही करते. मराठीचा हक्क सोडायचा नाही आणि कन्नड येत नाही म्हणून फसायचंही नाही.

ट्रेनिंगसाठी क्लस्टरच्या सीआरपींना, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला मदत करणाऱ्या साधनव्यक्तीला विचारा, एसडीएमसीचं प्रशिक्षण कधी आहे, मराठीत आहे का, आणि बायकांना जमेल अशा वेळेला आहे का. तोंडी नको, मीटिंगमध्ये ठराव करून विचारा.

प्रश्न : आम्ही बेळगाव तालुक्यातली सात-आठ पोरं आहोत. आजूबाजूच्या गावांतल्या पालकांना तयार करायचंय, म्हणजे मराठा, दलित, मुसलमान, धनगर अशा सगळ्या घरातनं शाळेसाठी बोलणारी माणसं उभी राहिली पाहिजेत. एक दिवसाचं शिबिर ठेवावं म्हणतोय, वकील आणि एक प्राध्यापक बोलवणार आहे. अजून काय करू?

उत्तर : वाचून खरंच बरं वाटलं. पण बॅनर, हार, पाहुणे आणि दोन-दोन तासांची भाषणं असं असेल तर पालक येतील, चहा घेतील आणि जातील. माणसाला जे आधीच येतं तिथनं सुरू करा.

एकदा एका गावात शाळेच्या व्हरांड्यात पंधरा-सोळा बायका घेऊन बसले होते, निम्म्यांना वाचता येत नव्हतं. मी अक्षर दासोहचा, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा विषय काढला. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून १५० ग्रॅम. आज हजेरी ४२, सगळी पाचवीच्या आतली, तर तांदूळ किती पडायला पाहिजे? नातवाची पालक म्हणून आलेली एक आजी झटक्यात म्हणाली, चार किलो आणि वर दोनशे ग्रॅम. मग रजिस्टर मागून घेतलं. सगळ्या वहीवर वाकल्या, एकीनं ओळीवर बोट धरलं, दुसरीनं आकडा वाचला, आणि तिसरी म्हणाली, अगं मंगळवारी गावात लग्न होतं, पोरं निम्मीच आलेली, मग तांदूळ रोजच्याएवढाच कसा? तिथनं पुढं पासबुक उघडायला त्यांना माझी गरज लागली नाही.

जागा कुठली घेता त्यावर बरंच अवलंबून आहे बघा. देवळात ठेवलं तर मुसलमान घरं येत नाहीत, तालमीत ठेवलं तर बायका येत नाहीत, पाटलांच्या वाड्यात ठेवलं तर दलित वस्तीतली माणसं उंबऱ्याबाहेरच थांबतात. शाळेचा व्हरांडाच घ्या, खुर्च्या नकोत, सगळे सतरंजीवर गोल बसू देत. धनगरवाडा लांब असेल तर एक बैठक तिकडं जाऊन घ्या. वेळ संध्याकाळी सातनंतरची, कारण रोजगाराच्या माणसाचा दिवस बुडवून त्याला हक्क शिकवणं मला पटत नाही.

आणि एका दिवसात काही होत नाही. आठवड्याला एक अशा चार-पाच बैठका धरा. एकीत खोटी मीटिंग भरवा, कुणी हेडमास्तर व्हा, कुणी अध्यक्ष, आणि जो कधीच बोलत नाही त्याला ठराव मांडायला लावा. एकीत अर्ज लिहायला शिकवा, आरटीआयचासुद्धा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि कर्नाटकात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, हे ठाऊक नसल्यानं कितीतरी अर्ज परत येतात. वकिलांना त्या दिवशी बोलवा, भाषणाला नको, अर्ज तपासायला. नंतर नव्या मेंबरच्या पहिल्या दोन-तीन मीटिंगला तुमच्यापैकी कुणीतरी गावात हजर राहा, आत नाही बसता आलं तर बाहेर थांबा. एकट्या बाईला बाहेर आपलं माणूस उभं आहे एवढं कळलं तरी तिचा आवाज फुटतो, हे मी डोळ्यानं बघितलंय.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत असतो. तो सांगतो तिकडं स्कूल बोर्डावर साध्या लोकांना निवडून आणायला ट्रेनिंग देतात. आपल्या समितीला तशी पॉवर आहे का? – निपाणी

उत्तर : तेवढी नाही. तिकडं बहुतेक ठिकाणी बोर्ड लोकांच्या मतानं निवडून येतं, बजेट तेच मंजूर करतं, सुपरिंटेंडेंट, म्हणजे तिथल्या शाळांचा मुख्य अधिकारी, तेच नेमतं. आपल्याकडं शिक्षकाची कायम नेमणूक सरकारच्या हातात. पण जे हातात आहे ते आपण वापरत नाही हे माझं खरं दुखणं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणं समितीनं केलेल्या शाळा विकास आराखड्याच्या आधारावर अनुदानाचं नियोजन व्हायचं असतं, म्हणजे आराखड्यात संडास नाही लिहिला तर मागायचा कशाच्या जोरावर? पाचवीपर्यंत ६० मुलं असली तरी दोन शिक्षक हे कायद्याच्या परिशिष्टात आहे, आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळायची सोय करावी हे घटनेच्या ३५०-क कलमात. मराठी शिक्षकाची जागा रिकामी असेल तर ही दोन्ही कलमं घालून ठराव करा आणि बीईओ ऑफिसला, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं देऊन पोच घ्या, मुलांच्या तोंडून तोच प्रश्न ग्रामपंचायतीच्या मक्कळ ग्रामसभेतही, म्हणजे मुलांच्या ग्रामसभेतही येऊ दे.

प्रश्न : मंडळी एसडीएमसीच्या अध्यक्षा आहेत, पण मीटिंगला मीच जातो, तिला घरच्या कामातनं वेळ होत नाही. मीपण शाळेसाठीच धडपडतोय, यात काही चुकतंय का? – चिक्कोडी तालुका

उत्तर : दादा, तुमची धडपड खरी आहे, पण हो, चुकतंय. बँकेच्या खात्यावर हेडमास्तरांबरोबर सही त्यांची असते, उद्या चौकशी आली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागणार, आणि त्या मीटिंगला नव्हत्याच. शिवाय गावातल्या बाकीच्या बाया त्यांच्याकडंच बघणार. पुढच्या मीटिंगला त्यांना पाठवा, आदल्या दिवशी हिशेबाची पानं दोघं मिळून वाचा, आणि त्या संध्याकाळी म्हशीची धार तुम्ही काढा.