जकातीचा हिशेब : हळद, सोने आणि बहीण

प्रश्न : माझ्या पतींचा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार आहे. माझ्याकडे लग्नातले आठ तोळे सोने आणि बँकेत माझ्या नावावर थोडी रक्कम आहे. रत्नागिरीकडची माझी जाऊ म्हणते की, वापरातल्या दागिन्यांवर जकात नसते. हे खरे का? मालाचा आणि उधारीचा हिशेब कसा धरावा? साताऱ्यात राहणाऱ्या माझ्या विधवा बहिणीला जकातीतून मदत करता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जकात म्हटले की आपल्या पिढीला आधी गावाबाहेरचा नाका आठवतो. शब्द तोच, अरबीतून आलेला. पण मूळ अर्थ शुद्धी आणि वृद्धी असा आहे. इस्लाममध्ये जकात म्हणजे ऐपतदार मुसलमानाने आपल्या संपत्तीतून दरवर्षी गरजूंसाठी काढायचा ठरलेला हिस्सा.

आपल्या जाऊबाई चुकीचे बोलत नाहीत. शाफई आणि हनफी ही इस्लामी धर्मशास्त्रातली दोन मते, म्हणजे दोन परंपरा. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई मताचे आहेत आणि त्या मतात स्त्रीच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. देशावर मात्र प्रामुख्याने हनफी मत चालते, आणि त्यात सोने अंगावर असो वा लॉकरमध्ये, ते हिशेबात येते. आपण हनफी असाल, तर आपल्या आठ तोळ्यांचे कोडे पुढेच आहे. सोन्याची किमान मर्यादा, म्हणजे निसाब, साडेसात तोळे सांगितला जातो. पण तो जुना तोळा, सुमारे ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे मर्यादा ८७.४८ ग्रॅमची झाली. सराफ आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, त्यामुळे आपले सोने ८० ग्रॅमच भरते आणि निव्वळ सोने पाहिले तर ते मर्यादेच्या आत राहते. तथापि सोन्याबरोबर रोख रक्कमही असल्यास दोन्हींची किंमत एकत्र करून ती चांदीच्या निसाबाशी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीशी, ताडून पाहतात. ती मर्यादा आपण सहज ओलांडता. तेव्हा जकात लागू होते. ही जबाबदारी आपली स्वतःची आहे. पती आपल्या संमतीने ती भरू शकतात, इतकेच.

हळदीची किंमत खरेदीच्या भावाने धरू नये. वर्ष पुरे होते त्या दिवशीचा विक्रीचा भाव धरावा, मग माल कुठेही साठवलेला असो. समजा, २० क्विंटल माल क्विंटलला १४,००० रुपयांच्या भावाने २,८०,००० रुपयांचा झाला, खात्रीची येणी ९०,००० आणि रोकड १,००,००० आहे. त्यातून शेतकऱ्यांचे देणे ७०,००० वजा करावे. उरलेल्या ४,००,००० रुपयांचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे १०,००० रुपये, ही जकात होय. बुडीत वाटणारी उधारी हाती आल्यावर मोजावी. राहते घर, टेम्पो, वजनकाटा यांवर काही नाही. वर्ष मात्र चांद्र धरावे. बरेच व्यापारी सोयीसाठी ३१ मार्च धरतात, परंतु चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने त्या पद्धतीने साधारण ३३ वर्षांत एका वर्षाची जकात बुडते.

आता बहिणीचे. कुराणाच्या नवव्या सूरेतील (अध्यायातील) साठाव्या आयतीत (वचनात) जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. गरीब, निर्धन, कर्जात अडकलेले, वाटेत अडलेले प्रवासी हे त्यांपैकी. आई-वडील, आजी-आजोबा, मुले-नातवंडे आणि पती-पत्नी यांना हनफी मतानुसार ती देता येत नाही. गरजू बहीण या बंधनात येत नाही, उलट नात्यातल्या गरजवंताला दिल्यास दान आणि नाते जपणे असे दुहेरी पुण्य लाभते, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, आहे. तिला निसाबाइतकी जास्तीची मालमत्ता नसावी, एवढी अट पाहावी. ही जकात आहे असे तिला सांगावे लागत नाही. देणाऱ्याचा हेतू पुरेसा असतो. मानी बहीण घेणार नाही अशी शंका असेल, तर ईदी, म्हणजे ईदची भेट, म्हणून हातावर ठेवावी.

प्रश्न : गेल्या रमजान ईदला प्रवासात असल्याने फितरा (त्या ईदला गरिबांना द्यायचे माणशी दान) नमाजापूर्वी द्यायचा राहून गेला. तो माफ होतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : होत नाही. नमाजापूर्वी देणे हे योग्य, पण उशीर झाला तरी देणे अंगावर राहतेच. हनफी पद्धतीने माणशी अर्धा साअ (धान्याचे जुने अरबी माप), म्हणजे ढोबळपणे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत, स्वतःच्या आणि निसाब नसलेल्या लहान मुलांच्या वतीने आता द्यावी.