इंटर्नशिपच्या प्रमाणपत्राला पहिल्या नोकरीत खरोखर किंमत असते का?

नुसत्या प्रमाणपत्राला फारशी नसते. मात्र त्या दिवसांत आपण प्रत्यक्ष काय केले हे नेमके सांगता आले, तर त्याला बरीच असते, असा माझा अनुभव आहे.

यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षानंतर मी भोसरी एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात सहा आठवडे जात होतो. पहिले दोन आठवडे माझ्याकडे कोणी लक्षच दिले नाही. पुढे क्वालिटी विभागातील सुपरवायझरांनी रिजेक्ट झालेल्या नगांची शिफ्टनुसार नोंद ठेवायला सांगितली आणि ती ठेवताना दिसू लागले की, बोअरचा (नगातील गोल छिद्राचा) व्यास मर्यादेबाहेर जाण्याचे प्रकार लेथवरील इन्सर्ट (धातू कापणारे, बदलता येणारे पाते) बदलल्यानंतरच्या पहिल्या काही नगांतच अधिक घडत होते, कारण इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट (पात्याच्या जागेसाठी यंत्रात भरलेले माप) तपासला जात नसे. शोध काही मोठा नव्हता. जुन्या ऑपरेटरांना तो आधीच ठाऊक होता. तरीही वर्षभराने झालेल्या मुलाखतीत माझ्या गुणांविषयी एकच प्रश्न आला आणि उरलेला सगळा वेळ त्या नोंदवहीवर गेला. रुजू झाल्यावर ड्रॉइंग वाचणे, गेज (मोजमापाची साधने) हाताळणे आणि वयाने मोठ्या कामगारांकडून काम समजून घेणे मला लवकर जमले. पगार मात्र सोबतच्या सर्वांना सारखाच होता आणि दोन वर्षांनी आमच्यातला हा फरकही उरला नाही.

आयआयटी किंवा मोठ्या व्यवस्थापन संस्थांमध्ये उन्हाळी इंटर्नशिपमधूनच प्री-प्लेसमेंट ऑफर (शिक्षण संपण्याआधीच नोकरीचा प्रस्ताव) मिळते, तेव्हा परिणाम उघडच मोठा असतो. पण तिथे इंटर्न निवडतानाच कडक चाळणी लागलेली असते, त्यामुळे पुढच्या यशाचे सारे श्रेय इंटर्नशिपला देणे मला पटत नाही.

खर्चाचा प्रश्न मात्र खरा आहे. बीड-परभणीकडच्या विद्यार्थ्याला पुण्यात खोली आणि मेस परवडली नाही, तर विनामानधन संधी त्याच्या उपयोगाची नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दरमहा 5,000 रुपये ठरले होते, परंतु पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना त्या नियमांत जागा नव्हती.

आपल्याला संधी मिळाल्यास, काम कोणाच्या हाताखाली करायचे आहे हे रुजू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे आणि रोजची नोंद स्वतः लिहावी. शुल्क घेऊन घरबसल्या प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.