डोळ्यांखालची काळी वर्तुळं कन्सीलर लावूनही राखाडी दिसतात, काय करू?

राखाडी दिसतंय म्हणजे तुम्ही थेट त्वचेच्या रंगाचा किंवा त्याहून उजळ कन्सीलर लावताय. खालचा निळसर-काळपट रंग त्यातून डोकावतो आणि चेहऱ्यावर राख फासल्यासारखं होतं. आधी करेक्टर हवा, म्हणजे कन्सीलरच्या खाली लावायचं, काळपटपणाचा रंग झाकणारं रंगीत क्रीम. रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी येतो, म्हणून नारिंगी छटा निळसरपणा मारते. गव्हाळ रंगाला पीच-नारिंगी, सावळ्या रंगाला गडद नारिंगी, गोऱ्या त्वचेला फिकट गुलाबी-पीच. वर्तुळं जांभळट असतील तर पिवळसर छटा.

प्रमाण मात्र मुगाच्या दाण्याएवढंच, दोन्ही डोळ्यांना मिळून! आधी मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटं थांबा. मग अनामिकेने, न घासता, हलकं थोपटत फक्त काळ्या भागावर लावा. नाकाजवळचा कोपरा बहुतेकजणी विसरतात. या टप्प्यावर डोळ्यांखाली आंबरस सांडल्यासारखं दिसेल, घाबरू नका. वरून त्वचेच्याच रंगाच्या कन्सीलरचा पातळ थर थोपटा आणि चिमूटभर पावडर. थर जाड झाला की दुपारपर्यंत सुरकुत्यांत जमतोच.

करेक्टरऐवजी लाल लिपस्टिक लावायची युक्ती मी तरी सुचवणार नाही. लिपस्टिकमधले काही रंग डोळ्यांजवळ वापरण्यासाठी नसतात.

आणि एक, खिडकीसमोर आरसा धरून मान वर करा. काळेपणा जवळजवळ गेला तर ती खोलगट भागाची सावली आहे, तिथे करेक्टर फारसा उपयोगी पडत नाही.