पोरगं 'भाई'च्या मागे का जातं?

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा वस्तीतल्या एका 'भाई'बरोबर फिरतो. हातात कोयता घेतलेला त्याचा फोटो मी मोबाइलवर पाहिला. त्याच्या वडिलांना कळलं तर पट्ट्याने फोडून काढतील. काय करू? (पुणे)

ताई, मार टाळलात ते बरं केलंत. मार खाल्लेलं पोरगं घराबाहेर पडतं आणि बाहेर त्याची वाट बघत तोच भाई उभा असतो. तिथे वडापाव मिळतो, गाडीवर चक्कर मिळते, चारचौघांत त्याचं नाव घेतलं जातं. हे घरात शेवटचं कधी झालं, ते आठवून बघा.

आज रात्री जेवताना शांतपणे विचारा, कोयता कुठे आहे? घरात असेल तर तो आधी हातातून काढून घ्या. मग उद्या शाळेत जाऊन हजेरी बघा. माझ्याकडे आलेल्या बहुतेक मुलांची शाळा आधी सुटली होती, भाई नंतर भेटला.

भाईची भीती वाटते, हे समजतं. पण बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या मोठ्या माणसाला 2015च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 83नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड होऊ शकतो. एकट्याने त्याच्याशी भांडू नका. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

प्रश्न : मी घरकाम करते, मुलांना एकटीने वाढवते. नातेवाईक म्हणतात, बाप नाही म्हणून पोरं बिघडणार.

नाही बिघडणार. मुलं घरी आल्यावर 'कुठे होतास?' विचारणारं एक माणूस हवं. ती शेजारची आजीसुद्धा असू शकते.

प्रश्न : मारामारीत पुतण्याला पोलिसांनी नेलं. भाऊ म्हणतो, राहू दे दोन दिवस आत, अक्कल येईल.

भावाला आत्ताच घेऊन निघा. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. तिथे दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरची, शाळेची, सोबत्यांची चौकशी करतो. सुटून मूल पुन्हा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं वाटलं, तर मंडळ जामीन नाकारू शकतं. अशा वेळी 'याला मी सांभाळतो' म्हणायला बाप समोर लागतो.

प्रश्न : निरीक्षणगृहातून, म्हणजे पोलिसांनी पकडलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथून, परतलेल्या मुलाला आमच्या गणेश मंडळाच्या ढोलपथकात घ्यावं का? काहींचा विरोध आहे.

घ्या. सरावाला पहिले पंधरा दिवस त्याला घरून बोलावून आणा.