आठवड्यातून एकदाच थेरपी मिळते, ती पुरेल का?

“मॅडम, आठवड्यातून एकदाच थेरपी मिळते, तेवढ्याने काय होणार?” विकासात मागे पडणाऱ्या लहान मुलांच्या पालकांपैकी हा प्रश्न न विचारणारे मला क्वचितच भेटतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, अंगणवाडीतच मुलांची तपासणी होऊ लागली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांना लहानपणीच उपचार आणि थेरपी देणारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली. तरीही खेड्यातून तिथवर यायचे म्हणजे एसटीचे भाडे जाते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे उरलेले सहा दिवस वाया जातात, ही खंत पालकांच्या मनात घर करते. एका कुटुंबाची हकिकत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, इथे सांगते.

मुलगा अडीच वर्षांचा होता, त्याला डाउन सिंड्रोम (जन्मापासूनची, विकास मंदावणारी गुणसूत्रांची स्थिती) होता आणि एकही शब्द फुटलेला नव्हता. कानांची तपासणी झालेली होती. बोलायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मुलाची ती सर्वांत आधी व्हायलाच हवी. आई मजुरीवरून आल्यावर रोज संध्याकाळी त्याला चित्रांची कार्डे दाखवत असे, तो ती भिरकावून देई आणि दोघेही रडकुंडीला येत. “मीच कमी पडते,” असे ती पुन्हा पुन्हा म्हणे. मी तिला म्हटले, “ताई, कार्डांचे राहू द्या. तो उठल्यापासून झोपेपर्यंत घरात काय काय चालते, तेवढेच सांगा.” तिच्या सांगण्यातून उलगडले की दिवसभर मूल आजीजवळ असते, आणि आजी केंद्रात कधीच आलेल्या नाहीत.

पुढच्या भेटीला त्या आल्या, पण दाराशीच थांबल्या. “मी अडाणी बाई, मला यातलं काय कळतंय?” मी त्यांना खुर्ची दिली आणि विचारले, “तुम्ही भाकरी करता तेव्हा हा कुठे असतो?”

“परातीपाशीच. पीठ मागत बसतो.”

“मागतो म्हणजे काय करतो?”

“हात पुढं करतो न् माझ्या तोंडाकडं बघतो. नाही दिलं तर पदर ओढतो.”

सुनेने चमकून पाहिले. “आत्या, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.”

“त्यात काय बोलायचं? पोर पीठ मागतंय.”

त्या क्षणी खोलीतले सारेच बदलले, असे मला आजही वाटते. ज्याच्या कागदावर ‘संवाद अत्यल्प’ असा शेरा होता, ते मूल रोज परातीपाशी मागत होते, उत्तराची वाट पाहत होते आणि नकार मिळाला तर हट्ट धरत होते. संवादाचा सारा गाभा तिथे होता, उणीव फक्त शब्दाची होती. आजींनीच शब्द ठरवला, ‘पीठ’. गोळा हातात देण्याआधी क्षणभर थांबायचे, त्याच्या डोळ्यांत पाहून तो शब्द म्हणायचा आणि मग द्यायचा. रडेपर्यंत अडवायचे मात्र नाही. काही आठवड्यांनी तो ‘पी’ म्हणू लागला, तेही आधी आजीपाशी.

मूल एकटे वाढत नाही, ते घर, शेजार आणि समाज यांच्या वेढ्यात वाढते, ही मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर यांची १९७९ मधली मांडणी माझ्या कामाचा आधार आहे. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यातही तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘कुटुंबाचा सेवा-आराखडा’, म्हणजे मुलासाठी आणि घरच्यांसाठी काय करायचे याची कुटुंबासोबत केलेली लेखी योजना, आला तो याच विचारातून. आठवड्याचे तास १६८, त्यांतला एक आमच्याकडचा. जीभ-ओठांची हालचाल आणि बसण्याची ठेवण पाहून नेमके काय करायचे, हे त्या एका तासात तज्ज्ञाने दाखवावे. शिकणे मात्र न्हाऊ घालताना, जेवताना आणि अंगणात खेळतानाच घडते.

याचा अर्थ घराचा दवाखाना करावा असा मुळीच नाही. आई थकलेली असेल, तर तिला आणखी एक व्यायाम सांगण्यापेक्षा तिच्या विश्रांतीची सोय कोण करील हे विचारणे मी आधी करते. उद्दिष्टही घरच्यांनीच निवडावे. या कुटुंबाला वीस शब्द नको होते, मुलाने सगळ्यांबरोबर पंगतीला बसून जेवावे एवढीच त्यांची इच्छा होती, आणि आराखड्यात पहिली ओळ तीच लिहिली गेली.

तुम्हीही पुढच्या भेटीला दिवसभर मुलाजवळ असणाऱ्या व्यक्तीला सोबत न्या. ते जमत नसेल, तर मूल ज्या वेळी सर्वांत रमते त्या वेळेचे दोन मिनिटांचे चित्रीकरण मोबाइलवर करा, तज्ज्ञांना दाखवा आणि “याच वेळेत आम्ही काय करू?” असे विचारा.